खाडीत कायमचं लावायचं पाणी तपासायचं मशीन: घ्या, पण वायपर बघून घ्या

आमच्याकडे सिंधुदुर्गात कालवं (ऑयस्टर) आणि शिनाण्यांची (मसल) शेती करणारे बचत गट आहेत, काही ठिकाणी पिंजऱ्यातले मासे आहेत, आणि हल्ली कुठल्याही मीटिंगला गेलं की एक प्रश्न येतोच, ते पाण्यात सोडून ठेवायचं ऑटोमॅटिक मशीन कसं आहे, घ्यावं का, घेतलं तर कुठलं. मी एका प्रकल्पात फील्डचं काम बघते, मशीन लावणं, काढणं, घासणं, कॅलिब्रेट करणं, डेटा उतरवणं हे सगळं माझ्याकडेच आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. कंपन्यांची नावं घालत नाहीये, आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन्स वापरलीयत आणि पुढे जे लिहिलंय ते या प्रकारातल्या जवळपास सगळ्यांनाच लागू पडतं.

निकाल आधीच सांगते. मशीन चांगलं आहे, पैसे वसूल होतात, पण वायपर, म्हणजे सेन्सर आपोआप पुसणारा ब्रश, नसलेलं मशीन कुणी अर्ध्या किमतीत देत असेल तरी आपल्या खाडीत कायमचं लावायला घेऊ नका. ब्रोशरमध्ये अचूकता किती आणि रेंज किती याची पानंच्या पानं असतात, डीलर पण तेच वाचून दाखवतो, पण ती अचूकता पहिल्या दिवसाची असते, लॅबमधल्या स्वच्छ पाण्यातली. आपल्याला हवीय महिनाभर खाऱ्या पाण्यात राहिल्यानंतरची, आणि त्याबद्दल ब्रोशर गप्प असतं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याला सॉन्ड म्हणतात, हातभर लांबीची जाड नळी, खालच्या तोंडाशी पाच-सहा सेन्सर शेजारी शेजारी बसवलेले, वरच्या भागात सेल आणि मेमरी. तापमान, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज जाते) म्हणजे त्यावरून खारटपणा, विरघळलेला ऑक्सिजन, पीएच (पाणी किती आम्लधर्मी), गढूळपणा, क्लोरोफिल (वनस्पतींतलं हिरवं द्रव्य) आणि खोली एवढं सगळं एकाच वेळी मोजतं. दर १५ मिनिटांनी एक रीडिंग लावलं तर दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५ हजारांच्या वर रीडिंग होतात.

आता कुणी म्हणेल एवढं कशाला, आम्ही पंधरा दिवसांतून एकदा बाटली भरून लॅबला पाठवतोच की. तर यात एक मोठी मेख आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि उधाण-भांगाचं (मोठ्या आणि छोट्या भरतीचं) चक्र पंधरवड्याला पुरं होतं, म्हणजे तुम्ही दर पंधरा दिवसांनी सकाळी दहा वाजता गेलात तर दर वेळी भरती-ओहोटीची जवळजवळ तीच अवस्था तुमच्या वाट्याला येणार, तिथीवरून भरतीची वेळ काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षभर इमानदारीने नमुने घेतले तरी खाडीचा एकच चेहरा दिसत राहतो. आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या आधी, कारण रात्रभर सगळे जीव श्वास घेतायत आणि शेवाळ ऑक्सिजन बनवत नाहीये, त्या वेळेला बाटली घेऊन कोण जातं? मासे मेले तर ते पहाटेच मरतात आणि दहाला जाऊन मोजलेला आकडा ठीकठाक येतो, मग म्हणायचं पाणी तर चांगलं होतं. हे मशीन लावल्यापासून पहाटेचा आकडा आपल्या समोर असतो. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीसुद्धा घ्यावं.

तर आता वायपर. आपलं पाणी गरम, पोषक द्रव्यांनी भरलेलं, त्यामुळे पाण्यात काहीही ठेवलं की त्यावर काहीतरी बसणारच. पहिल्या काही दिवसांत बुळबुळीत थर येतो, हाताला लागतो पण डोळ्याला नीट दिसत नाही, त्यावर शेवाळ धरतं, त्यात गाळ अडकतो, आणि मग बार्नकलची, म्हणजे खडकांना-होड्यांना चिकटणाऱ्या कवचाच्या बारीक जीवांची, पिल्लं येऊन चिकटतात. पावसाळा संपून पाणी परत खारं व्हायला लागलं की तर विचारू नका, होड्यांचे तळ, जेटीचे खांब, दोर, जाळ्या सगळीकडे नवीन पीक येतं आणि मशीन काही वेगळं नाही. वायपर नसलेलं मशीन आम्ही त्या दिवसांत पंधरवड्याने वर काढलं तेव्हा सेन्सरची तोंडं ओळखू येत नव्हती, ऑक्सिजनच्या सेन्सरवर हिरवट-तपकिरी मखमल आणि गढूळपणाच्या काचेवर मधोमध एक बार्नकल, तांदळाच्या दाण्याएवढं. तेवढं पुरतं. त्या काचेतून प्रकाश बाहेर जाऊन परत यायचा असतो, तिथेच कुणी घर केलं तर आकडा काय येणार.

वायपर म्हणजे मधोमध एक छोटी मोटर आणि तिच्यावर ब्रश, प्रत्येक रीडिंगच्या आधी एक फेरी मारून सगळी तोंडं पुसून घेतो. साधी गोष्ट आहे पण फरक जमीन-अस्मानाचा. वायपर असलेल्या मशीनचा ऑक्सिजनचा ग्राफ महिन्याभरानेही खणखणीत असतो, बिनवायपरचा दुसऱ्या आठवड्यात वाकायला लागतो. फक्त दोन गोष्टी घेताना विचारून घ्या. एक, ब्रश फेरी मारून झाल्यावर कुठे थांबतो. तो दर वेळी सेन्सरपासून लांब, एकाच जागी थांबायला हवा, ब्रशचे केस वाकडे झाले किंवा मोटर दमली तर तो मध्येच कुठेतरी थांबतो आणि केस सेन्सरसमोर लोंबतात, मग गढूळपणा उगाच वर जातो. चांगल्या मशीनमध्ये वायपर कुठे थांबला याचीही नोंद होते, ती सुविधा असलेलंच घ्या. दोन, वायपर कंडक्टिव्हिटीचा सेन्सर पुसतो का. काही मॉडेलमध्ये तो वायपरच्या वाटेतच येत नाही, त्याची मापायची जागा आत नळीसारखी असते, बाकी सगळं चकाचक आणि नेमका हाच घाण.

हा मुद्दा जरा खोलात जाऊन सांगते कारण यात फसायला होतं आणि डीलर सांगत नाही. कंडक्टिव्हिटीच्या नळीत थर बसला किंवा एखादं बार्नकल वाढलं की आतली पाण्याची जागा कमी होते आणि खारटपणा खरा असतो त्याहून कमी दिसायला लागतो, हळूहळू, रोज थोडा थोडा. एकदम पडला असता तर कळलं असतं. आता ऑक्सिजनचा सेन्सर थेट मिलिग्रॅम मोजत नाही. हल्लीचे जवळपास सगळे ऑप्टिकल असतात, निळा प्रकाश एका खास रंगाच्या थरावर टाकतात, तो थर लाल चमकतो, आणि पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते, त्या विझण्याच्या वेळावरून ऑक्सिजनचा दाब कळतो. लिटरला मिलिग्रॅम किती हे मशीन त्यानंतर हिशेबाने काढतं आणि त्या हिशेबात तापमान आणि खारटपणा दोन्ही लागतात, कारण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ३० अंशाला गोड्या पाण्यात पूर्ण संपृक्त ऑक्सिजन साधारण ७.५ मिलिग्रॅम असतो आणि ३५ खारटपणाच्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या, पाण्यात ६.२ च्या आसपास. म्हणजे खारटपणाचा सेन्सर घाण झाला आणि कमी दाखवायला लागला की ऑक्सिजन आपोआप जास्त दिसतो, ऑक्सिजनचा सेन्सर स्वतः अगदी ठणठणीत असला तरी! पिंजऱ्यात मासे असलेल्या माणसासाठी ही चूक उलट्या बाजूची आहे, धोका असताना सगळं ठीक दाखवणारी. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मिलिग्रॅमबरोबर टक्केवारीचा कॉलमही सेव्ह करा, टक्केवारीत खारटपणा येत नाही, दोन्हींची चाल वेगळी दिसायला लागली की कंडक्टिव्हिटी तपासा.

ऑक्सिजनच्या सेन्सरवर शेवाळ बसलं तर आणखी वेगळाच प्रकार होतो. ते शेवाळ दिवसा तिथेच ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तिथेच ओढून घेतं, त्यामुळे दिवस-रात्रीचा चढउतार फुगून दिसतो, खाडी फार सुपीक झाली असं वाटावं असा सुंदर ग्राफ येतो. सुंदर ग्राफ आला की आधी मशीन वर काढून बघा.

वायपरशिवाय तांबं. सेन्सरभोवतीची जाळी तांब्याची मिळते, ब्रशच्या दांड्याला तांब्याची पट्टी मिळते, नळीला बाहेरून तांब्याची टेप गुंडाळता येते. तांब्यातून बारीक प्रमाणात जे सुटतं त्याने पिल्लं बसत नाहीत, होड्यांच्या तळाला तांब्याचा रंग लावतात त्यामागेही हेच आहे. आमच्याकडे वायपर अधिक तांब्याची जाळी या जोडीने सगळ्यात चांगला रिझल्ट दिलाय. फक्त तांबं आणि स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची क्लॅम्प एकमेकांना टेकू देऊ नका, खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की त्यातला एक खात जातो, मध्ये रबर किंवा प्लॅस्टिकची पट्टी घाला. काही परदेशी कंपन्या आता अल्ट्राव्हायोलेट दिवा देतात, सेन्सरवर तो प्रकाश पडत राहिला की काही बसतच नाही, चांगलं तंत्र आहे पण वीज खातं, सोलर असेल तरच विचार करा.

बाकीच्या सेन्सरचं पटापट सांगते. तापमानाबद्दल काही बोलायचंच नाही, वर्षानुवर्षं चालतं. खोलीच्या सेन्सरला पाण्याचा दाब आणि हवेचा दाब वेगळा कळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला की पाणी चढल्या-उतरल्यासारखं दिसतं, एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर, भरतीचा अभ्यास करायचा असेल तर वर जेटीवर हवेच्या दाबाचा वेगळा लॉगर लावा. गढूळपणाचा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश टाकून काटकोनात किती परत येतो ते मोजतो, उत्तम चालतो, पण जाळीच्या आत खेकड्याचं पिल्लू येऊन बसलं की आकडे आभाळाला जातात, असले सुटे उंच आकडे काढून टाकायची पद्धत आधीच ठरवून लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मनाने काढतो.

पीएचकडून फार अपेक्षा ठेवू नका. काचेचा इलेक्ट्रोड आहे, तो म्हातारा होत जातो, आतलं द्रव संपत येतं आणि आकडा सरकतो. दिवस-रात्रीचा फरक, पहिल्या पावसाचा फरक, हे सगळं छान दिसतं. पण समुद्र हळूहळू आम्लधर्मी होतोय तो बदल वर्षाला पीएचच्या ०.००२ एवढा, तो असल्या सेन्सरने पकडायचा म्हणजे अशक्य, त्याला वेगळी आणि फार महाग यंत्रं लागतात. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्स बेमध्ये कालवांच्या पिल्लांची एक मोठी हॅचरी आहे, व्हिस्की क्रीक, तिथे २००७ पासून पिल्लं मरायला लागली, सुरुवातीला जंतूंवर संशय होता, नंतर कळलं की समुद्राच्या खोलातून वर येणारं आम्लधर्मी पाणी हॅचरीत ओढलं जातंय. मग त्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजायला सुरुवात केली, आणि त्या आकड्यांवरून टाक्या कधी भरायच्या आणि पाण्यात सोडा कधी घालायचा हे ठरवून धंदा सावरला. कालवं वाढवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं, सतत मोजण्याचा फायदा कुठे होतो ते यात दिसतं. पण तिथे वापरलेलं यंत्र आणि आपल्या सॉन्डवरचा पीएच ही दोन वेगळी कामं आहेत.

क्लोरोफिलचंही तसंच. निळा प्रकाश टाकून पाण्यातले वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) किती लाल चमकतात ते मोजतो, पण भर दुपारी कडक उन्हात तेच प्लवंग कमी चमकतात, म्हणून दुपारी आकडा पडलेला दिसतो, प्लवंग तेवढेच असतात. रात्रीचे आकडे एकमेकांशी लावून बघा, आणि अधूनमधून बाटली भरून लॅबमध्ये ॲसिटोनने काढलेलं क्लोरोफिल तपासून घ्याच. आणि महत्त्वाचं, प्लवंग वाढलेत एवढंच हा सेन्सर सांगतो, ते विषारी आहेत का हे सांगत नाही. शिनाणे विकणाऱ्याने हे कधीच विसरू नये, केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिनाणे खाऊन माणसं दगावलीयत. विषारी जात ओळखायला फोटो काढणारी वेगळी यंत्रं असतात, टेक्सासमध्ये पोर्ट अरान्सासच्या धक्क्यावर लावलेल्या इमेजिंग फ्लोसायटोबॉटने २००८ मध्ये डायनोफायसिस नावाच्या प्लवंगाची वाढ वेळेत पकडली, कालवांचा मोठा उत्सव तोंडावर आला होता, आणि कालवं काढणं थांबवून बाजारात गेलेला माल परत बोलावला म्हणून लोकांना बाधा झाली नाही. असं यंत्र आपल्या किनाऱ्यावर यायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण ते गटाने घ्यायचं काम नाही, संस्थेने किंवा सरकारनेच घ्यायला हवं.

लावायचं कसं. आम्ही सहा इंची पीव्हीसी पाईप जेटीच्या खांबाला क्लॅम्प केलाय, खालच्या मीटरभर भागात भरपूर भोकं पाडलीयत आणि मशीन आत दोराने सोडलंय, वर झाकण आणि कुलूप. भोकं मोठी ठेवा आणि पाईप काढल्यावर आतूनही खरवडा, भोकं बुजत आली की आतलं पाणी कोंडतं आणि तुम्ही खाडीचं नाही तर पाईपमधलं पाणी मोजत बसता. खालचं टोक तळापासून निदान हातभर वर हवं, पावसाळ्यात गाळ सरकतो आणि सेन्सर चिखलात बुडतात. ओहोटीला पाणी किती उतरतं ते अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात स्वतः जाऊन बघा आणि मग उंची ठरवा, आपल्याकडे दोन-अडीच मीटरचा फरक सहज पडतो, सेन्सर उघडे पडून वाळले तर पीएचचा इलेक्ट्रोड पहिला जातो.

उघड्या पाण्यात बॉयवर (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपावर) लावायचं असेल तर जाळीवाल्यांशी आधी बोला. समुद्रातल्या मोठ्या सरकारी बॉयनाही हा त्रास आहे, होड्या बांधल्या जातात, केबल तुटतात, सोलर पॅनल जातात. आमच्या इथे रात्री जाळी टाकणारे एक काका आहेत, त्यांना पहिल्याच दिवशी मोबाईलवर खारटपणाचा ग्राफ दाखवला, ते बघून म्हणाले, "पाणी फिरलां गो, माका राती हातालाच कळलां." ग्राफमध्ये पण बरोबर त्याच वेळेला रेघ वळलेली होती. तेव्हापासून त्या पाईपवर त्यांचं लक्ष असतं, कुणी होडी बांधायला गेलं की तेच ओरडतात. सेक्युरिटीचं कुठलंही ॲक्सेसरी विकत घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडलंय.

पावसाळ्यात मशीन काढून ठेवायचं का हा वाद नेहमी होतो. मी म्हणेन ठेवा, पाईप मजबूत असेल तर. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की खाडीचं पाणी एक-दोन भरत्यांत खाऱ्याचं गोडं होतं, वरचं पाणी आधी, तळाचं नंतर, आणि शिनाण्यांची शेती का नोव्हेंबर ते मे एवढीच करायची याचं उत्तर त्या ग्राफमध्ये सरळ दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर तर अजिबात चुकवू नका. गोव्यात एनआयओची (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची) मंडळी कांदोळीसमोर १९९७ पासून एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासतायत, आणि पावसाळा सरता सरता तिथल्या उथळ समुद्रात तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो हे त्यांच्या कामातून नीट मांडलं गेलंय. असलं पाणी भरतीबरोबर आपल्या खाडीच्या तोंडाशी येतं का, कधी येतं, किती तास टिकतं, हे समजायला तिथे रात्रंदिवस बसणारं मशीनच हवं. हैदराबादच्या इन्कॉइसने (समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) कोची आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यालगत पाण्याची गुणवत्ता मोजणारे बॉय लावलेत, ते काम फार चांगलं आहे, कोकणातल्या खाड्यांपर्यंत ते लवकर यावं.

देखभालीची आमची पद्धत सांगते, ही फुकट आहे आणि हिच्याशिवाय सगळा डेटा कचरा. मशीन वर काढलं की लगेच घासायचं नाही. आधी बादलीत खाडीचंच पाणी घ्यायचं, घाणेरड्या सेन्सरने रीडिंग घ्यायचं, मग मऊ ब्रशने साफ करून त्याच पाण्यात परत रीडिंग घ्यायचं, या दोन्हीतला फरक म्हणजे घाणीमुळे झालेली चूक. त्यानंतर स्टँडर्डमध्ये (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो अशा द्रावणात) तपासायचं, पीएचला ७ आणि १० चं बफर, कंडक्टिव्हिटीला समुद्राच्या जवळचं स्टँडर्ड, ऑक्सिजनला ओलसर हवेत १०० टक्के, तिथे जो फरक दिसेल तो सेन्सर सरकल्याचा. दोन्ही फरक तारीख-वेळेसह वहीत. मग मागच्या डेटातली कुठली चूक किती आणि केव्हापासून याचा हिशेब करता येतो. डायरेक्ट घासून टाकलं तर ती माहिती ब्रशबरोबर गेली, परत मिळत नाही. बादली सावलीत ठेवा आणि कामं भराभर उरका, पाणी तापलं की तुलना बिघडते. ऑक्सिजनचं कॅलिब्रेशन करताना सेन्सरच्या तोंडावर पाण्याचा थेंब राहू देऊ नका, सगळ्यात जास्त चुका त्या थेंबानेच होतात.

अमेरिकेत खाड्यांच्या राखीव क्षेत्रांचं एक जाळं आहे, तिथे १९९५ पासून असल्याच सॉन्ड लावून ठेवल्यात, सगळीकडे एकसारखी पद्धत, एकसारखे नियम, आणि खराब आकडा खोडत नाहीत, त्याच्यापुढे खराब असल्याची खूण करतात. म्हणून आजही तिथला जुना डेटा नव्याशी लावून बघता येतो. आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचा असतो, माणूस बदलतो, वही जाते, पासवर्ड जातो, आणि नवीन माणूस शून्यापासून सुरू करतो. हे बघून जीव तुटतो अगदी. मशीन घेताना डेटा कुठे राहणार, कोण सांभाळणार, प्रकल्प संपल्यावर कुणाकडे जाणार हे आधी कागदावर आणा. कंपनीच्या क्लाउडवर भरवसा ठेवून राहू नका, वर्षाची फी थांबली की बघताही येत नाही, दर वेळी साधी सीएसव्ही फाईल उतरवून दोन ठिकाणी ठेवा. आणि घड्याळ, मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे की जागतिक, हे फाईलच्या नावातच लिहा, साडेपाच तासांची गडबड झाली की पहाटेचा ऑक्सिजन दुपारी दिसतो आणि अख्खा ग्राफ अर्थहीन होतो.

सर्व्हिसबद्दल मात्र नाराजी आहे. मशीन विकेपर्यंत रोज फोन, विकल्यावर वायपरची मोटर बंद पडली तर "युनिट बाहेर पाठवावं लागेल मॅडम", आणि ते गेलं ते महिनोन्महिने आलं नाही, नेमकी बार्नकलच्या हंगामाची वेळ, डेटात तेवढं मोठं भोक कायमचं राहिलं. ज्या डीलरने हे केलं त्याचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: दुरुस्ती भारतात होते का, दुरुस्तीच्या काळात बदली मशीन देणार का, आणि ब्रश, ओ-रिंग (पाणी आत जाऊ न देणारं रबरी कडं), ऑक्सिजनची कॅप (तो चमकणारा थर असलेली टोपी), पीएचचं टोक हे सुटे भाग स्टॉकमध्ये असतात का. लेखी द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो. ओ-रिंगला ग्रीस लावायला आणि सेलचं झाकण बंद करताना त्यात वाळूचा कण नाही ना हे बघायला इन्स्टॉलेशनच्या माणसाकडून स्वतः हाताने शिकून घ्या, पाणी आत गेलं तर वॉरंटीवाले हात वर करतात.

किंमत. सगळे सेन्सर धरून चांगलं मशीन दहा लाखांच्या वर जातं, आणि ऑक्सिजनची कॅप, पीएचचं टोक, ब्रश, स्टँडर्ड द्रावणं, सेल हा खर्च दर वर्षीचा वेगळा, तो प्रस्तावात सुरुवातीलाच घाला नाहीतर दुसऱ्या वर्षी मशीन कपाटात जातं, अशी कपाटं मी बघितलीयत. एकट्या बचत गटाने हे घेऊ नये असंच मी सांगेन. एका खाडीतले सगळे गट, जवळचं फिशरीज कॉलेज आणि ग्रामपंचायत मिळून एक घ्या, आणि साफसफाईला गावातलीच एक-दोन माणसं पगारावर ठेवा, शहरातून महिन्याला एकदा येणाऱ्या माणसाने हे काम होत नाही. एवढं जमत नसेल तर तापमानाचे साधे लॉगर काही हजारांत मिळतात, त्याच्या जोडीला हातात धरायचं ऑक्सिजन मीटर घ्या आणि उधाणाच्या व भांगाच्या दिवशी पहाटे जाऊन मोजा, तेही पंधरवड्याच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातं. आणि ज्यांची ऑर्डर या हंगामात जाणार आहे त्यांनी वायपरचे जादा ब्रश आणि तांब्याची जाळी मशीनबरोबरच मागवा, नंतर मागवले तर यायला वेळ लागतो आणि पाऊस थांबला की लगेच लागतात.